एका ‘ए’ची कोंबडी

रविवारी विहीणबाई आणि व्याही जेवायला येणार होते, आणि स्वयंपाक काय करायचा यापेक्षा तो इंग्रजीत सांगायचा कसा, याचीच घरात जास्त धास्ती होती.

लेकीनं लग्न स्वतःच ठरवलं होतं. मुलगा चांगला होता, हसरा होता, फक्त त्याच्या घरची भाषा वेगळी होती. इकडच्यांना ती येत नव्हती आणि तिकडच्यांना मराठी येत नव्हतं. मधे उरलं होतं इंग्रजी, आणि ते दोन्हीकडच्यांना सारखंच बेताचं येत होतं. आजवर लेक आणि होणारा जावई मधे बसून इकडचं तिकडे पोचवत. पण या रविवारी ती दोघं कामानिमित्त बाहेरगावी होती. विहीणबाईंनी कळवलं होतं, की मुलं नसली म्हणून काय झालं, आपण मोठी माणसं भेटू की.

लेकीच्या आईला सगळे टेलरताई म्हणत. रस्त्यालगतच्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं शिलाई मशीन आणि कापड बेतायचं टेबल होतं. उरलेल्या अर्ध्यात नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. मागे दोन खोल्या आणि जरासं अंगण. लग्न ठरल्यापासून टेलरताई संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जात होत्या. चष्मेवाले जात नव्हते. आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून भिंतीवरची इंग्रजी अक्षरं वाचून घेतलेल्या माणसाला इंग्रजी कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

“अहो, बघा बरं एवढं,” टेलरताईंनी फोन पुढे केला. “रविवारी तुमच्यासाठी चिकन आहे, इतकंच लिहिलंय. वुई विल हॅव चिकन फॉर यू ऑन संडे.”

चष्मेवाल्यांनी फोन हातभर लांब धरला. “इथे काहीतरी राहिलंय. चिकनच्या आधी काहीच नाही?”

“काय हवं?”

“ए हवा. ए, ॲन, द, काहीतरी. इंग्रजीत नाम असं उघडं सोडत नाहीत. चारचौघांत बरं दिसत नाही.”

“मॅडमनी सांगितलंय, मोजता येतं त्यालाच ए लावायचा. दुधाला, पिठाला लावायचा नाही.”

“मग चिकन मोजता येत नाही? कोंबडीवाल्याकडे ओळीनं टांगलेली असतात. चल, मोजून दाखवतो.”

टेलरताई अडल्या. “सम लावते हवं तर.”

“सम म्हणजे थोडं. मुलीच्या सासूला पहिल्यांदा जेवायला बोलवायचं आणि आधीच बजावून ठेवायचं, की चिकन थोडंच आहे, बेतानं घ्या?”

हे मात्र टेलरताईंना पटलं. ए लागला आणि निरोप गेला.

उत्तर यायला बराच वेळ लागला. आलं तेव्हा त्यात शब्दांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त होती. “ए चिकन! वंडरफुल! व्हॉट इज हर नेम?”

“नाव विचारतायत,” टेलरताई म्हणाल्या.

“कोणाचं?”

“चिकनचं.”

“म्हणजे कुठल्या प्रकारचं करणार, ते. आलं लावून करणार आहेस ना? मग सांग तसं.”

“पण हर का लिहिलंय? हर तर बाईमाणसाला म्हणतात.”

“जहाजालासुद्धा म्हणतात,” चष्मेवाले शांतपणे म्हणाले. “मान द्यायची पद्धत असते ती.”

टेलरताईंनी ‘जिंजर’ असं पाठवलं. लगेच उत्तर आलं, “जिंजर! सो स्वीट!”

“अगंबाई, गोड समजल्या की काय! मग तिखट लागलं तर पंचाईत होईल.” त्यांनी घाईघाईनं खुलासा केला, “नॉट स्वीट. व्हेरी हॉट.”

“ओह! पुअर जिंजर! गिव्ह हर वॉटर. कीप हर इन द शेड.”

या निरोपावर मात्र दोघांनाही विचार करावा लागला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बरोबर आहे. फार तिखट झालं तर पाणी घाला म्हणतायत. रस्सा जरा सैल करा.”

“आणि सावलीत ठेवा?”

“उन्हात नासेल म्हणून. अनुभवी बाई आहेत.”

शेवटचा प्रश्न टेलरताईंना लागला. “हाऊ ओल्ड इज शी?”

“शिळं आहे का म्हणून विचारतायत! मी शिळं वाढीन पाहुण्यांना?” नाकाचा शेंडा लाल झाला त्यांच्या. त्यांनी ठसक्यात लिहिलं, “नॉट ओल्ड. फ्रेश. संडे मॉर्निंग.”

“ए बेबी!” विहीणबाईंनी लिहिलं, आणि पुढे बरेचसे लाल बदाम काढले.

“बेबी का म्हणाल्या असतील?”

“लाडानं. पण ते सोड,” चष्मेवाले बोट ठेवून म्हणाले, “ए बघ. त्यांनीसुद्धा ए लावलाय.”

शनिवारी इंग्रजीच्या मॅडम कोटाच्या ट्रायलला आल्या. टेलरताई तोंडात टाचण्या धरून त्यांच्या खांद्याची शिवण बघत होत्या, इतक्यात फोन वाजला. विहीणबाईंनी फोटो पाठवला होता. त्यात लाकडाचं छोटं निळं घर होतं. उतरतं छप्पर, सरकतं दार, हवेसाठी जाळीची खिडकी. पाठोपाठ चार तुटक वाक्यं आली. त्यांचा अर्थ असा होता, की आमचे हे निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून उठतच नव्हते. तुमचा निरोप वाचला आणि त्यांनी माळ्यावरून करवत काढली. लहानपणी त्यांच्या घरी असायच्या. आज कित्येक महिन्यांनी त्यांना शीळ घालताना ऐकलं.

“काय असायच्या?” टेलरताईंनी टाचण्या काढून विचारलं. “मॅडम, हे काय आहे हो? पत्राची पेटी म्हणावी तर फार मोठी आहे.”

मॅडमनी फोटो मोठा केला. दारावर पिवळ्या रंगात सुबक अक्षरांत ‘जिंजर’ लिहिलेलं होतं. मग त्यांनी आधीचे सगळे निरोप वाचले. वाचताना त्यांचा एक हात कोटाच्या बाहीत होता आणि एक बाहेर, आणि त्या इतक्या हसू लागल्या, की टेलरताईंना आधी टाचणी टोचली असंच वाटलं.

“ताई, मागच्याच आठवड्यात शिकवलं ना मी! नुसतं चिकन म्हणजे ताटातलं. ते मोजत नाहीत, वाढतात. ए चिकन म्हणजे अख्खी एक कोंबडी. आता अख्खी म्हणजे सोललेलीही असू शकते. पण त्यांनी पिसांसकट धरली.”

“म्हणजे त्या एमध्ये जीव आहे?”

“इथे तरी तसंच झालंय.”

पलीकडे चष्मेवाले एक फ्रेम फार बारकाईनं तपासू लागले.

“कळवून टाका सरळ, चूक झाली म्हणून,” मॅडम म्हणाल्या. “त्यात काय एवढं?”

“काय कळवू? जिंजरला आम्ही आलं लावून ठेवणार होतो म्हणून?” टेलरताईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. जाळीच्या खिडकीला आतून इवलासा पडदाही होता. “त्या माणसानं खुर्ची सोडलीय, मॅडम. शीळ घालतोय तो. आणि माझी पोर जन्मभर त्या घरात नांदणार आहे.”

मॅडमनी दुसरा हातही कोटाच्या बाहीत घातला. टेलरताईंनी शिवणीला शेवटची टाचणी लावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला. पायात घाला काहीतरी. कोंबडी आणायचीय.”

कोंबडीवाल्याच्या दुकानात गर्दी नव्हती. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. “एक कोंबडी द्या.”

“किती किलो?”

“किलो नको. कोंबडी हवी.”

“कातडी ठेवू का काढू?”

“ठेवा. पिसंही ठेवा.”

कोंबडीवाल्यानं सुरी उचलली होती, ती तशीच हवेत राहिली. “मुंडी?”

“तीही ठेवा.”

“मग मी करायचं काय?”

“काही करू नका,” टेलरताई म्हणाल्या. “तेवढीच विनंती आहे. आणि रंगानं तांबूस बघा.”

“ताई, मंद आचेवर ठेवलीत की सगळ्या तांबूस होतात.”

“तशी नको हो. आत्ताच तांबूस हवी. आणि दिसायला लहान हवी, वय कमी सांगितलंय.”

कोंबडीवाल्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मुलीचं स्थळ बघायला आलेली माणसं असावीत तसे ते पिंजऱ्यासमोर उभे होते. शेवटी एका कोपऱ्यात मान वाकडी करून बसलेली एक तांबूस कोंबडी त्यांना पसंत पडली.

“स्वभावानं कशी आहे?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“साहेब, आजवर कुणी विचारलं नव्हतं. थांबलात तर उद्या सांगतो.”

घरी आल्यावर तिला दुकानात मोकळं सोडलं. गिऱ्हाइकांनी चष्मा घालून बघावं म्हणून काउंटरवर आरसा ठेवलेला होता. जिंजर त्याच्यासमोर गेली आणि एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं, स्वतःला बराच वेळ निरखत राहिली. मग ती टेलरताईंच्या चिंध्यांच्या टोपलीत जाऊन बसली आणि उठेना. तिच्याखाली मॅडमच्या कोटाचं अस्तर होतं.

“हाकलू नकोस,” चष्मेवाले म्हणाले. “नवी जागा आहे, बिचकेल.” आणि एका वाटीत पाणी घेऊन आले.

आता प्रश्न स्वयंपाकाचा होता. चिकन तर बादच झालं.

“तिच्यादेखत कसं शिजवायचं? आणि व्याह्यांना काय वाटेल?”

“अंडी कर.”

“जवळच्या नात्यातलं आहे हो ते.”

म्हणून मग बटाटे, वाटाणे, गाजरं, फरसबी आणि भात असा बेत ठरला. टेलरताईंनी चार भाज्या चार तऱ्हांनी केल्या आणि वास सगळ्यांना आल्याचाच आला, कारण आलं आणून ठेवलेलं होतं.

रविवारी पाहुणे गाडीतून उतरले. विहीणबाई ठेंगण्या, लगबगीच्या; व्याही उंच, दणकट आणि अबोल. त्यांच्या दोन्ही हातांत ते निळं घर होतं, आणि नमस्कार करायला हात रिकामे नाहीत म्हणून त्यांनी घरच जरासं वर उचललं. अंगणात गेल्यावर त्यांनी जिंजरला पाहिलं आणि हा मोठा माणूस सरळ जमिनीवर बसला. खिशातून दाणे काढले. ती आधी लांबून बघत राहिली, मग हातावरच येऊन खाऊ लागली. व्याह्यांनी तिच्या मानेवरून बोट फिरवलं आणि ते आपल्या भाषेत काहीतरी बोलले. ते कुणी कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही.

विहीणबाईंनी टेलरताईंचा हात धरला. “थँक यू,” त्या हळूच म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

त्यानंतर गप्पा रंगल्या. चष्मेवाल्यांनी व्याह्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. व्याह्यांनी शेवटची ओळ चुकीची वाचली, तर त्यांना लगेच एक चष्मा देऊ केला. विहीणबाई मशीनवर बसून एक शिवण मारून बघत होत्या. कोण कुठे ए लावतंय आणि कुठे द, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

जेवायला बसले. व्याह्यांनी पहिल्या भांड्याचं झाकण उचललं. बटाटे. दुसऱ्याचं उचललं. वाटाणे. तिसरं, चौथं. मग त्यांनी भातसुद्धा चमच्यानं थोडा बाजूला करून पाहिला. शेवटी अतिशय सभ्य आवाजात त्यांनी विचारलं, “चिकन?”

टेलरताई हसून अंगणाकडे बोट दाखवत म्हणाल्या, “देअर! ए चिकन!” या वेळी ए बरोबर लागल्याचा त्यांना आनंद झाला होता.

“यस, यस,” व्याही म्हणाले. “दॅट इज ए चिकन.” मग पोटावरून हात फिरवत, चेहरा पाडून म्हणाले, “आय मीन... चिकन.”

विहीणबाईंनी टेबलाखालून त्यांना लाथ मारली ती चुकून चष्मेवाल्यांना बसली. पण चष्मेवाल्यांना त्या क्षणी गुडघ्यापेक्षा इंग्रजी भाषा जास्त लागली होती. एवढं व्याकरण त्यांना आजवर कुणीच इतकं स्पष्ट समजावलं नव्हतं.

“रविवारी चिकन लागतंच यांना,” असं काहीतरी विहीणबाई ओशाळून सांगू लागल्या. मग चष्मेवाले कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेले आणि एक मोठा डबा भरून घेऊन आले. टेलरताईंनी आधी अंगणात जाऊन निळ्या घराचा पडदा नीट ओढला. विहीणबाईही मागोमाग आल्या आणि दोघींनी मिळून ते घर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. व्याही पोटभर जेवले. जेवून उठल्यावर पहिल्यांदा हात स्वच्छ धुतले आणि मगच जिंजरला भेटायला गेले.

निघायची वेळ झाली. निरोपात ‘फॉर यू’ लिहिलेलं होतं, म्हणून टेलरताईंनी जिंजरला निळ्या घरात बसवलं, दार सरकवलं. चष्मेवाल्यांनी घर उचललं आणि सावकाश, जणू आत काचा आहेत अशा बेतानं, गाडीपर्यंत नेलं. सकाळपासून ते तिच्याशी मराठीत बोलत होते. वाटेवर खायला म्हणून दाण्यांची पुडीही त्यांनी छपरावर ठेवली.

“ओ नो, नो!” विहीणबाई घाबरून दोन पावलं मागे सरल्या. “योर चिकन!”

“फॉर यू,” टेलरताई म्हणाल्या.

“नो, फॉर यू! हाऊस, फॉर यू! गिफ्ट!”

हातवारे करून, बोटं मोजून, आकाशाकडे बोट दाखवून विहीणबाईंनी सांगितलं, की आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिथे साधं मांजर ठेवू देत नाहीत. तुम्ही आमच्या स्वागताला म्हणून कोंबडी पाळायला घेतलीत, केवढा तुमचा जीव! मग तिला घर आमच्याकडून नको? तुमच्या घरची पोर आम्ही नेणारच आहोत, आता हीसुद्धा नेली तर लोक काय म्हणतील?

गाडी गेली. रस्त्यावर दोघं उभी होती, मधे निळं घर आणि घरात जिंजर.

“आता?” टेलरताई म्हणाल्या.

“आता काय, ऊन लागतंय तिला,” चष्मेवाले म्हणाले आणि घर उचलून आत निघाले. त्यांचं पाऊल जातानापेक्षा बरंच हलकं पडत होतं, हे टेलरताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

त्यानंतर दर रविवारी विहीणबाईंचा फोन येऊ लागला. आधी जिंजरची चौकशी, मग मुलांची, मग यांची. लेक एकदा फोनवर वैतागून म्हणाली, “आई, तुम्ही आम्हाला न सांगता कोंबडी काय पाळली? आणि सासूबाईंना ती माझ्यापेक्षा जास्त कशी आवडते?” टेलरताईंनी वर्गाला उशीर होतोय असं सांगून फोन ठेवला.

महिनाभरानं उलट आमंत्रण आलं. “कम टू लंच. वुई विल हॅव ए फिश.”

चष्मेवाल्यांनी फोन हातभर लांब धरला. “ए आहे.”

“हो, दिसला मला.”

“म्हणजे जिवंत. तिसऱ्या मजल्यावर मासा ठेवायला कोण हरकत घेणार? जिंजरला पाहून त्यांनाही काहीतरी पाळावंसं वाटलं असेल.”

“मॅडमना विचारू का?”

“आता काय विचारायचं त्यात? अख्खी कोंबडी पाळून शिकलोय आपण हे.”

भेट काय न्यायची, हा प्रश्न आपोआपच सुटला. त्यांनी माशासाठी काचेचं मोठं गोल भांडं घेतलं, आणि तळाशी पसरायला रंगीत खड्यांची एक पिशवी. खड्यांनी काच फुटायला नको म्हणून चष्मेवाल्यांनी ती पिशवी कोटाच्या खिशात ठेवली. भांडं टेलरताईंनी मांडीवर घेऊन सगळा प्रवास केला.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा व्याही शीळ घालत होते. विहीणबाईंनी दोघांना थेट जेवणाच्या टेबलापाशी नेलं आणि दोन्ही हात पसरून अभिमानानं म्हणाल्या, “अवर फिश!”

लांबलचक ताटात मासा होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा, खरपूस भाजलेला, अंगावर लिंबाच्या चकत्या ओळीनं मांडलेला. एक डोळा छताकडे होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

“अख्खा,” टेलरताई पुटपुटल्या. “मॅडम म्हणाल्या होत्या. सोललेलीही असते.”

विहीणबाईंचं लक्ष मात्र काचेच्या भांड्याकडे गेलं होतं. “फॉर अस? ब्यूटिफुल!” त्यांनी ते हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं, नळाखाली धुतलं, आणि काकडी-टोमॅटोचं सॅलड त्यात ओतून ते माशाच्या शेजारी ठेवलं. अगदी शोभून दिसत होतं.

“परफेक्ट साईझ!” व्याही म्हणाले.

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. खुर्चीवर बसताना त्यांच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. त्यांनी वरून हात दाबून धरला आणि डाव्या हातानं जेवायला सुरुवात केली.